मुद्दाम बिघडवलेली मशीन

मी शिलाई मशीन बोलतेय. हसू नका, पण मी इतक्यांदा बिघडलेय की ऐकणाऱ्याला कीव यावी, आणि त्यातलं एकही बिघडणं माझं स्वतःचं नाही. मला माझ्या बाईच बिघडवतात. तेही मन लावून, आधी चष्मा स्वच्छ पुसून.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळीभोर होते, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. पण पहिल्या घरी माझ्यासमोर कुणी बसलंच नाही. माझ्या टेबलावर रद्दीचा ढीग साठायचा आणि मी खाली गंजत होते. मग बाईंनी मला आणलं. अंग पुसलं, तेल दिलं, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू तर ठणठणीत आहेस!" तोवर माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

रस्त्याकडच्या खोलीत बाई कपडे दुरुस्त करून देतात. गिऱ्हाईक पँटची चेन बदलायला यायचं आणि जाता जाता विचारायचं, "माझी मशीन सारखा दोरा का हो तोडते?" बाई हातातलं काम टाकून सांगत बसायच्या. फोनवरही तेच. शेवटी भाची वैतागली.

"मावशी, तेच ते दहाजणींना सांगून घसा बसेल तुझा. ब्लॉग लिही की!"

"मला कुठं लिहिता येतंय?"

"बोलतेस तसंच लिही. तुझं बोलणं थांबत नाही, लिहिणं कशाला थांबेल?"

भाचीनं ब्लॉग सुरू करून दिला आणि माझ्या हालांना सुरुवात झाली.

कुणी लिहिलं, 'माझ्या मशीनखाली दोऱ्याचा गुंता होतो', की बाई लगेच उत्तर देत नाहीत. माझ्याखालीही तस्साच गुंता होईपर्यंत मला छळतात. दोरा चुकीचा ओवतात, ताण सैल करतात, खालच्या दोऱ्याची बॉबिन उलटी बसवतात. मी अडकून बसले की यांचा चेहरा खुलतो. "हां! हेच झालंय बघ तिचं!" मग एकेक गोष्ट जागेवर आणायची आणि आणता आणता लिहून काढायची.

एवढ्यावर भागत नाही. लिहून झालं की परीक्षा असते आणि परीक्षेला बसतात आमचे अहो. त्यांचं खरं नाव मला ठाऊक नाही. बाई अहो म्हणतात, म्हणून मीही. अहोंना शर्टाचं बटण लावता येत नाही. बाई मला पुन्हा बिघडवतात, अहोंना माझ्यासमोर बसवतात, पोस्ट त्यांच्या हातात देतात आणि ओठ घट्ट मिटून बाजूला उभ्या राहतात.

"'बॉबिन केस काढा.' बरं. पण कुठून काढू?" अहो विचारतात.

"तुमचं नाही चुकलं, माझं वाक्य चुकलंय," असं म्हणून बाई ते वाक्य खोडतात. एरवी अहोंना चार शब्द सुनावायची संधी त्या सोडत नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण समोरच्याला कळलं नाही तर स्वतःचं वाक्य खोडणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

एवढं सगळं करूनही एकदा आम्ही दोघी चांगल्याच तोंडावर आपटलो.

एका बाईंचा निरोप आला. "ताई, माझी मशीन टाकाच घेत नाहीये. मिस्त्री म्हणाला, जुनी आहे, आता हिचं काही व्हायचं नाही. त्यानं उघडूनसुद्धा बघितली नाही. मशीन माझ्या आईची आहे. आई आता नाही. दीर म्हणतात रविवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू. काही करता येईल का हो?"

भंगारवाला म्हटल्यावर मला पहिल्या घरातला तो रद्दीचा ढीग आठवला.

बाईंनी विचारलं, "सुई कशी लावलीत?"

"नवीनच लावलीय. तुम्ही लिहिलंय तशीच, वरच्या टोकाची सपाट बाजू उजवीकडे."

"मग सुई बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

काय काय नाही केलं माझं! बोथट सुई, वाकडी सुई, जाडा दोरा. मी मधले टाके गाळले, दोरा तोडला, कापड चावलं. पण टाका मुळीच न घेणं काही मला जमेना. शनिवार उजाडला तरी बाई माझ्यापुढून उठेनात. गिऱ्हाइकांचे कपडे खुर्चीवर तसेच पडून होते.

अहो चहा घेऊन आले. "अगं, हिला काय पिळतेस? बिघडलीय ती तिकडची. तिचा फोटो तरी मागव."

फोटो आला. बाईंनी फोन माझ्याशेजारी धरला. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई! हिचं सगळं उलट बाजूला आहे!"

माझ्या सुईत दोरा डावीकडून जातो. तिच्या सुईत उजवीकडून. बाईंनी सुईबद्दल जे लिहिलं होतं ते माझ्यापुरतं अगदी खरं होतं. जगातल्या सगळ्या मशिनी माझ्यासारख्याच, असं मलाही वाटायचं. मान खाली घालावीशी वाटली मला.

बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "सुई काढा. अर्धी फिरवून लावा, सपाट बाजू डावीकडे. आता उजवीकडून ओवा."

"थांबा हं, ओवतेय."

मग फोनमधून चाकाचा आवाज आला. टाका पकडल्यावर दोऱ्याला जो ओढा बसतो, तो आम्हा मशिनींना कानानंच कळतो. घेतला! तिनं टाका घेतला! पलीकडे त्या बाई रडत होत्या. आमच्या बाईंनी गिऱ्हाइकाच्या पँटलाच डोळे पुसले.

"ताई, तुमच्यामुळे आईची मशीन वाचली."

"अहो, माझ्यामुळेच बिघडली होती ती," बाई म्हणाल्या.

गप्प राहता आलं असतं त्यांना. भाचीनंही सुचवलं, "मावशी, ते एक वाक्य गुपचूप बदलून टाक. कुणाला कळणार आहे?"

"आणि आधीचं वाक्य वाचून जिची मशीन बंद पडलीय, तिला कसं कळणार मग?" बाईंनी पोस्टच्या अगदी वर लिहिलं: माझं चुकलं होतं. मी फक्त माझी मशीन बघून लिहिलं. आधी तुमच्या मशीनमध्ये दोरा कुठल्या बाजूनं जातो ते बघा. सुईची सपाट बाजू त्याच्या विरुद्ध बाजूला येते.

पुढच्याच आठवड्यात बाई स्वतः भंगारवाल्याकडे गेल्या आणि उलट्या बाजूची एक मशीन उचलून आणली. गंजलेली, कुरकुरणारी. आता ती माझ्याशेजारी असते. पहिल्याच दिवशी बाईंनी तिचा दोरा मुद्दाम चुकवला तेव्हा तिनं केवढा आरडाओरडा केला! मी म्हटलं, "गप गं. या घरात बिघडणं मानाचं असतं."

तुमच्याही घरात एखादी जुनी मशीन गप्प बसली असेल. तिला भंगारात काढण्याआधी एकदा तिच्यासमोर बसा, एवढंच मागणं आहे. बरं, पुरे झालं. बाई चष्मा पुसतायत. कुठेतरी कुणाचा तरी दोरा तुटतोय, म्हणजे आता आमचाही तुटणार.