बुटक्या तुऱ्याची कोंबडी

मी एक म्हातारी गावठी कोंबडी आहे, मित्रांनो, आणि फिनलंडमधल्या या घरात माझ्या कितीतरी पिढ्या नांदल्या आहेत. हिवाळ्यात आमचं खुराडं स्वयंपाकघरातल्या बाकाखाली असतं. वर माणसं जेवतात, खाली आम्ही.

आमचे पूर्वज दूरच्या उष्ण रानातले. माणसांनी त्यांना जगभर नेलं. कुठे झुंजीसाठी उंच पायांचे राखले, कुठे रश्श्यासाठी जाड अंगाचे. इथे निवड थंडीने केली. मोठे तुरे गारठून काळे पडले, बुटक्या तुऱ्याच्या टिकल्या. माझा तुरा बोटाच्या पेराएवढा आहे आणि मला त्याची लाज नाही.

गेल्या उन्हाळ्यात सूनबाई लेंपीने दक्षिणेकडून पांढऱ्या कोंबड्या आणल्या, त्यांच्या कोंबड्यासकट. रोज अंडं, आणि तुरा पाहावा तर पताका. मी तीन दिवसांनी एक घालणारी, त्यातून दरवर्षी खुडूक बसणारी.

"ही नुसती बसून खाते," लेंपी म्हणाली. "रविवारी हिचा रस्सा करते."

"बसून तर तूही खातेस. तुझा केला का कोणी?" सासू एवास्तीनाबाई म्हणाल्या. रस्सा टळला.

पांढऱ्या बाकाखाली मावेनात, म्हणून गोठ्यात होत्या. जानेवारीत त्यांचे तुरे काळवंडले. लेंपी एकेकीला मांडीवर घेऊन चरबी चोळत बसे. माझं तोंड वाईट, पण तिने एखादीला रात्रीपुरतं बाकाखाली आणलं, की मी तिला माझ्या शेजारी जागा देई. बिचाऱ्यांचा काय दोष? उन्हाच्या देशात तोच तुरा अंग थंड ठेवतो.

वसंतात लेंपीला पिल्लं हवी झाली. पांढऱ्या अंडं घालून चालू लागत. उबवणं त्यांच्यात उरलंच नव्हतं. मी अजून बाकाखालीच, माझ्या सहा अंड्यांवर बसले होते. माझा म्हातारा कोंबडा नुकताच गेला होता. आमचा वंश काय तो त्या सहांत होता. लेंपीने ती वाडग्यात काढली आणि पांढऱ्यांची माझ्याखाली सारली.

"ती कुठे नेतेस गं?" एवास्तीनाबाईंनी विचारलं.

"धिरड्यांत घालते, आई."

"घाल. पुढच्या जानेवारीत चरबी चोळायला मला हाक मारू नकोस म्हणजे झालं."

लेंपी वाडगा घेऊन चुलीपर्यंत गेली आणि परत आली. मग चार अंडी तिने परत माझ्याखाली ठेवली. दोन धिरड्यांत गेली. मी तिच्या हाताला चोच मारली, पण हळूच.

मित्रांनो, एक जात घडायला पुष्कळ हिवाळे लागतात आणि पुष्कळ हात लागतात. मोडायला एक न्याहारी पुरते. जास्त अंडी देणारीला जरूर राखा, माझी ना नाही. पण तुमच्या हवेत टिकणारीलाही राखा.

पिल्लं बाहेर यायला अजून सहा दिवस आहेत. बाकाजवळून जाताना जरा हळू चाला.