भेगेवरची काच

तीन महिन्यांत काच एकदाही तडकली नाही, तेव्हा काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

काकू म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या किल्लीवाल्या काकू. दीडशे वर्षांची दगडी इमारत, बत्तीस दारं, आणि बत्तीसही किल्ल्यांचा जुडगा काकूंच्या कमरेला. जिन्यालगतच्या भिंतीला वरून खालपर्यंत भेग गेली होती. जुन्या इमारतींच्या दुरुस्ती निधीकडून इंजिनिअर आला. त्याने भेगेवर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली, वर तारीख लिहिली आणि म्हणाला, "काच तडकली तर भिंत सरकतेय असं समजायचं. मग निधी लगेच. नाही तडकली तर भेग जुनीच, तुमचा नंबर मागे."

आणि भिंत तर सरकत होती, हे काय काकूंना सांगायला पाहिजे? वाचनकक्षाचं दार फरशीला घासायला लागलं होतं. रोज सकाळी जिन्याच्या पायथ्याशी चुन्याचा भुगा, झाडून झाडून कंबर मोडायची वेळ आली. काच मात्र ढिम्म! छे, कुठेतरी पाणी मुरत होतं.

काकूंचा जीव टांगणीला लागला होता, कारण त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, पाठ टेकता येईल इतक्या जवळ, ग्रंथपालाची खुर्ची होती. ग्रंथपाल म्हणजे काकूंचा धाकटा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा सात वर्षांचा होता. काकूंनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, गालफुगी झाली तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसल्या. आता पन्नाशीला आला तरी त्याला अरे-तुरेच. भिंत खचली तर पहिली ह्याच्याच डोक्यावर. निधी मिळावा, भिंत बांधून निघावी आणि ह्याचं डोकं शाबूत राहावं, एवढंच काकूंचं मागणं होतं.

संशय घ्यायचा कुणावर? शूटिंगवाल्यांवर, आणखी कुणावर! जिना झकास दिसतो म्हणून चार महिन्यांपासून ते तिथे कोर्टाची मालिका करत होते. निधी आला की इमारत बंद, मालिकेचा गाशा गुंडाळा. काकूंचा पगारही त्यांच्याच भाड्यातून निघायचा म्हणा, पण म्हणून काय डोळे मिटून बसायचं?

एके दुपारी काकूंनी लेकीची नेलपॉलिशची बाटली आणली आणि काचेच्या कोपऱ्यात मुंगीएवढा ठिपका दिला. तेवढ्यात मागून दीर आला. "काय करतेस गं वहिनी?" "धूळ पुसतेय," काकूंनी थाप मारली.

चार दिवसांनी पाहिलं. काच अखंड, तारीख तीच, ठिपकाही जागेवर. पण काकूंचा ठिपका गुलाबीकडे झुकणारा होता. हा लालभडक! आता बोला. काच बदलणारा एवढा पक्का, की ठिपकासुद्धा पुन्हा काढतो. आणि ठिपका देताना काकूंना पाहिलं होतं कुणी? फक्त दिराने.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. मालिकावाल्यांनी दिराला कोर्टातल्या कारकुनाचं काम दिलं होतं, काळा कोट आणि दोन वाक्यं. ती दोन वाक्यं स्वारी महिनाभर आरशासमोर घोकत होती. त्यात मागच्याच आठवड्यात त्याने वाचकांची सगळी टेबलं पलीकडे खिडकीशी हलवली, उजेड चांगला येतो म्हणून. उजेड कसला, कॅमेऱ्याला जागा हवी असणार!

काकू थेट त्याच्या टेबलाशी गेल्या. "भावजी, तुमच्याशी बोलायचंय."

त्या "तुमच्याशी"नेच तो दचकला.

"काच कोण बदलतंय, मला कळलंय. दोन वाक्यांसाठी स्वतःच्या जिवाशी खेळताय? लाज नाही वाटत?"

तो पेनाचं टोपण काढत-घालत बसला. मग म्हणाला, "हो. मीच बदलतो. बाहेर बोलू नकोस."

काकूंना वाटलं होतं तो कानावर हात ठेवेल, भांडेल. सरळ हो म्हणाला मेला! घरी येऊन त्यांनी भांडी अशी आपटली, की नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला, पण विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला इंजिनिअर येणार होता. बोलून उपयोग नाही, तुटलेली काचच हातात हवी, म्हणून काकू सहालाच पोचल्या. शूटिंगसाठी काकूंनीच दिलेल्या किल्लीने जिन्याचं दार उघडलेलं, दिवे लागलेले. शिडीवर मालिकेचा रंगारी, हातात ओलं प्लास्टर. खाली चष्म्याला साखळी लावलेली मालिकेचीच एक बाई, मांडीवर फोटोंची फाईल.

"रंगेहाथ सापडलात!" काकू कडाडल्या.

बाई दचकली नाही, उलट खूश झाली. "बरं झालं आलात. ही पट्टी फार ठिसूळ आहे हो. सारखी तडकते. कालच्या शॉटमध्ये अखंड आणि आज तुटलेली, चालेल का? प्रेक्षक चुका काढतात. म्हणून तडकली की फोटो काढायचा आणि हुबेहूब तशीच नवी बसवायची. जागा होती तशी राखायची, असं करारातच आहे. मध्ये एक लाल ठिपका उगवला, तोसुद्धा नव्या काचेवर तसाच रंगवला आम्ही."

काकूंनी फाईल ओढून घेतली. सात तुटलेल्या काचा, सात फोटो, प्रत्येकावर तारीख. कुणी लबाडी केली नव्हती. बाईने आपलं काम चोख केलं होतं, आणि त्या चोखपणापायी भिंत कुणाच्या तरी अंगावर यायचीच काय ती बाकी होती.

दहाला इंजिनिअरने फोटो पाहिले आणि त्याचा चेहराच उतरला. "कागद आजच पुढे पाठवतो. निधी मिळाला समजा. पण हा भाग आत्ताच्या आत्ता रिकामा करा."

काकू वाचनकक्षात धावल्या. दीर खुर्चीतच होता, कपाटांच्या याद्या करत.

"तू काही केलं नव्हतंस. मग हो कशाला म्हणालास?"

तो खाली बघत म्हणाला, "काच बदलली जातेय हे मला आधीच दिसलं होतं. प्लास्टर ओलं असायचं. किल्ल्या तुझ्याकडे, पगार शूटिंगच्या भाड्यातून. वाटलं, तूच करतेस. काल तू माझ्यावरच आळ घेतलास, तेव्हा वाटलं, फारच अडचणीत असणार. म्हटलं, घेऊ आपल्या अंगावर."

"मी? अरे, मी? आणि तू गप्प बसलास?"

"गप्प कुठे? लोकांची टेबलं खिडकीकडे हलवली ना मी."

"आणि तुझं? तुझं का नाही हलवलंस?"

"मी इथून हललो असतो, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. मग तुला माझ्या नजरेला नजर देता आली नसती."

काकूंना रडू फुटलं. ज्या डोक्यासाठी त्यांनी तीन महिने जिवाचा आटापिटा केला, ते त्यांच्याच अब्रूपायी त्या भिंतीखाली बसून राहिलं होतं. त्यांनी त्याला दंडाला धरून ओढलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "आधी ऊठ तिथून."