दुधी पाणी

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा कागद टाइपरायटरमधून ओढून फाडला. कारण यात चूक माझी आहे, आणि ती मी शहाणपणा दाखवायला गेलो म्हणून झाली.

१९५७ साल. मी पिंपरीत एका कारखान्यात पाणी साफ करायच्या टाक्यांवर होतो. राहायला दापोडीत, युनूसच्या घराला लागून. युनूस मोटारी दुरुस्त करायचा. त्याचा थोरला भाऊ चांदभाई काश्मीरकडं फौजेची लॉरी चालवायचा. मे महिन्यात ती लॉरी नदीत गेली. लॉरी सापडली, चांदभाई नाही. त्याच्या सोबत्यानं त्याची पेटी आणून दिली. त्याच नदीचं पाणी भरलेली एक बाटलीही.

त्यांच्या अम्मानं बाटली खिडकीत ठेवली. दोन महिने झाले. तळाशी राखेसारखा थोडा करडा गाळ बसला, वरचं पाणी दुधीच राहिलं. त्यामागं काळं कापड धरलं की निळसर दिसायचं.

"पवनेचं पाणी एका रात्रीत निवळतं," अम्मा म्हणायची. "हे न्हाई निवळत. माझा चांद हलतोय अजून. मेल्याबिगर फातिहा कुणाचा करता?"

एकदा युनूस मला म्हणाला, "तू पाण्याचा माणूस ना? सांग तिला काय ते. मला रोज त्या बाटलीला सलाम करून कामाला जायला लावते."

मी पुस्तकात वाचलं होतं. सांगितलं. तिकडं डोंगरावरचा बर्फ हळूहळू सरकतो, खालचा दगड दळतो. जात्यासारखं. ते पीठ इतकं बारीक असतं की पाण्यात बसतच नाही.

"चार पुस्तकं वाचली की डोंगर दळायला निघाला," युनूस म्हणाला.

अम्मा हसली नाही. तिनं अर्धं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं. "दाखव," म्हणाली.

पावसाळ्यात घरोघरी करतात तेच केलं. तुरटीचा खडा पेल्यात तीनदा फिरवला. हे कण एकमेकांना लांब ढकलतात, तुरटीनं ते चिकटतात, जड होतात, असं बोलत राहिलो. पेल्यात बारीक बारीक पुंजके दिसायला लागले. मग ते खाली उतरायला लागले. अम्मा पेल्यासमोर बसून राहिली. तासाभरात पलीकडची भिंत दिसली.

तिनं डोक्यावर पदर घेतला.

"बसला," म्हणाली. "युनूस, मौलवींना बोलाव."

मी जिंकलो होतो. तेव्हापासून टाकीत तुरटी सोडताना माझा हात थांबतो. कुणी तरी खाली उतरतंय, आणि ते मीच उतरवतोय, असं वाटतं. दोनदा मुकादमानं हटकलं.

फातिहा झाला. उरलेलं पाणी पवनेत सोडायला अम्मानं आम्हाला दोघांना पाठवलं. युनूसनं बाटली उलटी केली. पांढरी रेघ हातभर गेली, वाकली, आणि दिसेनाशी झाली.

"हे इथं बसणार?" त्यानं विचारलं.

"पुढं बंधाऱ्यापाशी पाणी थांबतं. तिथं इथल्या गाळाला चिकटून बसेल."

त्यानं रिकामी बाटली पाण्यात विसळली.

"घरी गेल्यावर ती विचारणार, राव. मला नाही, तुला विचारणार."

"मग?"

"वाहत गेलं म्हण. कुठं थांबलं नाही म्हण."

आयुष्यात पाण्याबद्दल मी कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"सांगेन," मी म्हणालो. "ती विचारेल तितक्या वेळा सांगेन."