सात नंबरची रिकामी खुंटी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नाही बरं का. माझ्यावर कधी कोणी खडूने लिहिलेलं नाही. माझ्या अंगावर अठरा पितळी खुंट्या आहेत, प्रत्येक खुंटीखाली एक आकडा कोरलेला आहे, आणि स्वस्थ बसणं मला जमत नाही. चार मोठ्या स्क्रूंनी भिंतीला जखडलेल्या लाकडाने असं म्हणावं याचं तुम्हाला हसू येईल. येऊ दे. माझ्या जागी एक दिवस राहिलात, तर तुम्हीही नखं खात बसाल.

जन्माने मी बाक. वेल्सच्या किनाऱ्यावर पोर्थ हेली नावाचं आमचं गाव आहे. तिथल्या चॅपेलमध्ये तिसऱ्या रांगेतल्या बाकाची मी पाठ होतो. सत्तर वर्षं लोक मला टेकून प्रवचनं ऐकत होते आणि हळूच डुलक्याही काढत होते. तेव्हा मी शांत होतो, असं आठवतं. मग माणसं कमी झाली, चॅपेलला कुलूप लागलं आणि बाक मोडीत निघाले. गावातल्या सुताराने मला घरी नेलं, रंधा मारला, खुंट्या बसवल्या आणि धक्क्यावरच्या, गळाने मासे धरणाऱ्यांच्या क्लबात दाराशेजारी आणून लावलं. समोर धक्क्याचा उतार, त्यापलीकडे समुद्र. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

आमचा क्लब लहान होड्यांचा. एका होडीत एक माणूस, फार तर दोन. मे ते सप्टेंबर, महिन्यातला एक शनिवार स्पर्धेचा. गळाला लागलेला मासा फळीवर मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. शेवटी ज्याचा मासा लांब, त्याला एक लाकडी पेला. तो पेला वर्षभर मिरवायचा आणि मग परत करायचा. एवढ्यासाठी मोठाली माणसं पहाटेपासून गांडुळं उकरत बसतात.

माझं काम साधं होतं. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक होडीचा पितळी बिल्ला माझ्या खुंटीवरून निघतो आणि होडी परतली की पुन्हा खुंटीवर येतो. खुंटी भरलेली म्हणजे माणूस किनाऱ्यावर. खुंटी रिकामी म्हणजे माणूस पाण्यात. पण आमच्याकडे एक पद्धत आहे, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आपला बिल्ला आपण न्यायचा नाही. होड्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. जोडीदाराचा बिल्ला तुमच्या खिशात आणि तुमचा बिल्ला जोडीदाराच्या खिशात. त्याची होडी उताराला टेकलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा बिल्ला लावायचा नाही. हा नियम त्या सुताराचाच. तो म्हणायचा, "मासा मिळाला की माणूस स्वतःला विसरतो. दुसऱ्याची वस्तू खिशात असली की ती टोचत राहते."

सुतार गेला आणि सगळा कारभार त्याच्या मुलीकडे, नेस्टाकडे आला. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढून निवृत्त झालेली ही बाई मोठ्या माणसांनाही तशीच वागवते. जोड्या लावणं, वाऱ्याचा अंदाज काढणं, चारच्या ठोक्याला शिट्टी वाजवणं, चहात भिजवलेल्या मनुकांचा केक करणं, सगळं तिचं. एकदा शेजारच्या गावातला क्लब मला बघायला आला आणि वह्या काढून माझं माप घेऊन गेला. वर्तमानपत्रात नेस्टाचा फोटो आला, त्यात तिच्या डोक्यामागे माझ्या सहा खुंट्या दिसतात. तो काळ माझ्या मानाचा होता. तरी स्पर्धेच्या दिवशी नऊ वाजता अठराही खुंट्या रिकाम्या झाल्या की माझी नजर समुद्रावर खिळायची. चारपर्यंत ती हलायची नाही.

आता त्या सप्टेंबरची गोष्ट सांगतो.

सात नंबर इडवालचा आणि अकरा नंबर ट्रेवरचा. इडवाल गावचा पोस्टमन, ट्रेवर दगडी कुंपणं रचणारा गवंडी. दोघं शाळेपासूनचे मित्र आणि कायमचे जोडीदार. इडवालने पेला पाच वेळा जिंकलेला. ट्रेवर नऊ वेळा दुसरा आलेला. पहिला एकदाही नाही.

"ट्रेवर, यंदा दुसऱ्या नंबरासाठी वेगळा पेला करून घेऊ या का?" त्या सकाळी सगळ्यांसमोर इडवालने विचारलं. "तुझं नाव कोरून?"

"कर की," ट्रेवर बूट चढवत म्हणाला. "फक्त तुझ्या पेल्यापेक्षा मजबूत कर. तो जास्त वापरात येणार आहे."

"झाली तुमची आरती एकमेकांची?" नेस्टा म्हणाली. "बिल्ले बदला आणि निघा. दुपारी वारा वायव्येकडून फिरणार आहे. चार म्हणजे चार. शिट्टी झाली तेव्हा ज्याचा बिल्ला खुंटीवर नसेल, त्याचा मासा मी धरणार नाही."

"आणि पाचच मिनिटं उशीर झाला तर, नेस्टा?"

"तर केक मिळेल. पेला नाही."

ट्रेवरने सातचा बिल्ला खिशात टाकला, इडवालने अकराचा. होड्या गेल्या. मी दार उघडं असल्याचं समाधान मानून वाट बघत राहिलो.

अडीचच्या सुमारास फडताळावरचा वायरलेस खरखरला आणि ट्रेवर ओरडला, "नेस्टा! बहात्तर! बहात्तर सेंटिमीटरचा बास मासा! फोटो काढला, सोडूनही दिला. शेपटी हलवत गेला गं माझा राजा!"

"ओरडू नकोस, सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलं," नेस्टा म्हणाली. पण यादीत बहात्तर लिहून तिने खाली दोन रेघा ओढल्या. त्या वर्षी एवढा मासा कोणालाच मिळाला नव्हता. तीस वर्षांनी ट्रेवरचं नाव पेल्यावर चढणार होतं. अट एकच, चारच्या आत परत यायचं.

तीनला वारा फिरला. समुद्र करडा झाला. एकेक होडी भिजून, दमून परत येऊ लागली आणि माझ्या खुंट्या भरू लागल्या. गार, ओले बिल्ले. त्यांच्याइतकं सुखाचं काही नाही. पावणेचारपर्यंत सोळा भरल्या. चारला दहा कमी असताना इडवालची होडी उताराला लागली. तो धापा टाकत दारात आला.

"ट्रेवर?" नेस्टाने विचारलं.

"मागेच आहे. खडकाच्या टोकाला वळसा घालतोय. आत्ताच वायरलेसवर बोलला, 'तू हो पुढे, मी आलोच.'"

तो दारातच उभा राहिला. टोकाकडे बघायचा, घड्याळाकडे बघायचा, पुन्हा टोकाकडे. पाच मिनिटं उरली. तीन उरली. नेस्टा शिट्टी शोधायला खिडकीकडे वळली आणि इडवालने खिशातून अकराचा बिल्ला काढून माझ्या खुंटीवर अडकवला.

मित्रांनो, समोरचा उतार मला दिसत होता. तिथे अकरा नंबरची होडी नव्हती. खुंटी भरली होती आणि माणूस पाण्यात होता. माझ्या सगळ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. पण फळ्याला कुठलं तोंड!

इडवालबद्दल राग धरू नका. त्याला वाटलं, दोन मिनिटांचा तर प्रश्न. मित्र येतोच आहे. एवढ्यासाठी त्याचा मासा कशाला बाद व्हावा? पाच पेले घरात असलेल्या माणसाला सहावा नको होता, मित्राचा पहिला हवा होता.

शिट्टी झाली. नेस्टा माझ्यासमोर आली आणि तिने भुवया उंचावल्या. "सात कुठाय?"

"सात?" इडवाल कसाबसा हसला. "अगं, मीच सात! हा काय तुझ्यासमोर उभा आहे!"

सगळे खदखदून हसले. "ट्रेवरच्या खिशात राहिला असेल," कोणीतरी म्हणालं. "बहात्तरचा मासा डोक्यात गेलाय त्याच्या. होडी गाड्यावर चढवून इथे येईल तेव्हा लावेल." अकरा खुंटीवर दिसत होता, म्हणजे ट्रेवर आलेला, म्हणून नेस्टाही हसली. सातचा माणूस समोर धडधाकट उभा असताना सातच्या खुंटीची काळजी कोण करणार? ट्रॅक्टरने होड्या वर ओढणारा ह्यू तरी असता तर अकराची होडी आलीच नाही असं त्याने सांगितलं असतं, पण चारला त्याच्या गाईंची धार काढायची वेळ, तो शिट्टीसरशी निघून गेला होता. नेस्टाने किटली ठेवली आणि वाऱ्यासाठी दार लोटून घेतलं.

मग जो अर्धा तास गेला तो मला विसरता येत नाही. आत चहा, हशा, ओल्या कोटांचा वास. बाहेर वारा दाराला धडका देतोय. इडवालचा चहा तसाच गार झाला. तीनदा तो दार उघडून उतारापर्यंत जाऊन आला. दोनदा त्याने वायरलेस उचलला, "ट्रेवर, अरे म्हाताऱ्या, बोल की," असं हळूच म्हणाला, आणि खरखर ऐकून खाली ठेवला. प्रत्येक वेळी त्याचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. सांगावं तर ट्रेवरचा पेला गेला. न सांगावं तर... त्यापुढचा विचार तो करत नव्हता. आता येईल, आता येईल, एवढंच.

साडेचारला नेस्टा बक्षिसांची यादी घेऊन माझ्यापाशी आली. तिची नजर अधू झाली आहे, म्हणून ती बिल्ल्यांवरून बोटं फिरवत आकडे वाचते. चार, पाच, सहा. मग बोट नुसत्या खुंटीला लागलं. ते तिथेच थांबलं. खोलीतला गलबलाट चालूच होता.

"इडवाल," ती वळून न बघता म्हणाली, "तुझा बिल्ला कोणाकडे असतो?"

"ट्रेवरकडे."

"मग तो इथे नाही, म्हणजे कोण इथे नाही?"

सगळ्यांनी कप खाली ठेवले. इडवाल उठून उभा राहिला. "टोकापाशीच होता गं. मला वाटलं, दोन मिनिटं... त्याचा मासा बाद होईल म्हणून मी..."

नेस्टाने यादी खाली ठेवली. तिने बचाव नौकेला फोन लावला, जागा सांगितली, वेळ सांगितली. मग अकराचा बिल्ला माझ्यावरून काढला आणि इडवालच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली.

"माणूस पाण्यात आहे. बिल्ला तुझ्याकडेच राहू दे."

"मी होडी काढतो, नेस्टा."

"एक बाहेर आहे तेवढा पुरे. उतारावर उभा राहा. तुला बघायचंय ना त्याला येताना? बघ."

तिने दार सताड उघडलं. वारा आत घुसला, याद्या उडाल्या, कोणी दार लावायला उठलं नाही. इडवाल गुडघाभर पाण्यात उभा होता, मूठ छातीशी धरून. माझ्या दोन खुंट्या रिकाम्या होत्या. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते टांगायच्या कामावर आयुष्य काढलेल्या मला त्या दिवशी कळलं.

सहा वाजायला आले तेव्हा बचाव नौका टोकाला वळसा घालून आली. तिच्यामागे दोराने बांधलेली अकरा नंबरची होडी होती आणि होडीत ट्रेवर बसलेला होता. शेवंडी धरायच्या सापळ्याचा दोर त्याच्या इंजिनाच्या पंख्यात गुंतला होता. वायरलेस लाटेने भिजून बंद पडला होता. नांगर टाकला तर तो घसरत चालला होता. खडक वीस हातांवर आले तेव्हा नौका पोचली. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती.

होडी उताराला टेकली. इडवाल आत आला आणि त्याने अकराचा बिल्ला लावला. पाठोपाठ ट्रेवर आला, निथळत. त्याने सातचा लावला. त्याच्या तळहातावर सातचा आकडा उमटला होता, इतका घट्ट धरला होता त्याने.

"मला काही भीती नव्हती," तो दात वाजत असताना म्हणाला. "म्हटलं, इडवालची खुंटी रिकामी आहे आणि माझीही. नेस्टा कोणाला चहा पिऊ देणार नाही."

 मग इडवालने सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. 

"तीस वर्षं मला हरवलंस, तेव्हा सुखरूप घरी गेलो," ट्रेवर म्हणाला. "एकदा जिंकवायला निघालास, तर बुडवत होतास लेका." आणि त्याने इडवालच्या गळ्यात हात टाकला. ओलाचिंब. दोघंही रडत होते. मग तो नेस्टाला म्हणाला, "माझा मासा?"

"चारची शिट्टी झाली होती," नेस्टा म्हणाली.

"बरोबर आहे. केक आहे ना?"

केक होता. पेला तेरा नंबरला गेला.

त्यानंतर इडवाल दर स्पर्धेला पाण्यात पाय बुडवून उभा राहायचा आणि ट्रेवरची होडी टेकल्याशिवाय खिशाला हात लावायचा नाही. ट्रेवर त्याला "आमचा दीपस्तंभ" म्हणून चिडवायचा. पेला ट्रेवरला कधीच मिळाला नाही.

आता माझं कोणाला फारसं काम पडत नाही. कोणती होडी कुठे आहे ते फोनवर दिसतं म्हणे. बिल्ले एका डब्यात गेले आणि नवीन मंडळी माझ्या खुंट्यांवर कोट, टोप्या, कुत्र्याचे पट्टे अडकवतात. फोनचं मला वाईट वाटत नाही. तो चांगलाच असेल. ओल्या कोटांनी माझं लाकूड कुजतंय, त्याचंही एवढं नाही.

पण दोन वर्षांपूर्वी जानेवारीत इडवाल घरीच, झोपेत गेला. दफन झाल्यावर ट्रेवर काळा कोट घालून एकटाच क्लबात आला. डबा उघडून त्याने सातचा बिल्ला काढला आणि खिशात टाकला.

"ट्रेवर?" दारातून नेस्टा म्हणाली.

"तो निघालाय ना," ट्रेवर म्हणाला. "बिल्ला जोडीदाराकडेच असतो. तो टेकलेला दिसल्याशिवाय मी लावणार नाही."

मित्रांनो, मी भिंतीवरचं लाकूड आहे, तुमच्याकडे मागण्यासारखं माझ्याकडे फार नाही. तुमचं माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत ते घरी आलं असं कोणाला सांगू नका. आणि आमच्या क्लबात कधी आलात, बाहेर कितीही पाऊस असला, तरी कोट दुसऱ्या कुठल्याही खुंटीवर लावा. सातची रिकामी राहू द्या. तिचा बिल्ला खिशात घेऊन ट्रेवर अजून वाट बघतोय.