मोहनरावानं पुसलेला फळा

मी मंगल. घाटनांदूरच्या शिवारात आमच्या मेंढ्या असत्यात. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतकरी आमाला बोलवतो. मेंढ्या पऱ्हाटीचा पाला खात्यात, लेंड्या त्याच्या वावरात पडत्यात. बापजाद्यापसून चालत आलंय, कुणी कुणाला काही इचारत न्हाई.

औंदा मोहनरावानं तसंच बोलवलं. उरल्यासुरल्या बोंडांसाठी आदल्या दिवशी त्यानं अळीचं औषध मारलतं, ते तेवढं सांगितलं न्हाई. दिवस मावळायच्या आत मेंढ्या तोंडाला फेस येऊन पडल्या. अर्धा कळप गेला. जाब इचारला तर मलाच म्हणतो, "तू कावून इचारलं न्हाईस?" चोर तो चोर, वर शिरजोर.

माझा नवरा शहादेव म्हणला, जाऊ दे, फुडच्या साली त्याच्याच दारात जायचंय. माझं डोकंच फिरलं. पारावर गावाचा फळा हाय, त्याच्यावर लग्नं अन् दहावे लिवत्यात. मी लिवलं, मोहनरावाच्या कापसावर विष मारलंय, जनावरं सोडू नका.

त्यानं पुसलं. मी परत लिवलं. गावाची बदनामी करती म्हणून तो चारचौघात वरडला. मी म्हणलं, मेंढ्या मेल्या तवा गावाची लई आब्रू वाढली का? मग रोज लिवायला लागले, ज्याच्या वावरात फवारायचा पंप दिसंल त्याचं नाव. उरलेला कळप जगवायचा होता मला.

वत्सलाबाई खुरपायच्या बायांची म्होरकी. तिच्या हाताची सालटं निघाली होती, तरी "उन्हानं झालं आसंल" म्हणायची. आता ती मला फळ्यापशी उभी करून वाचून घेती अन् मगच बायांना वावरात नेती. मोहनरावाच्या कांद्यात मात्र एकबी बाई गेली न्हाई. फळ्यावर त्याचं नाव नसलं तरी ते त्यानंच पुसलेलं असतं, हे समद्यांना ठावं होतं. कांदा गवतात दिसंना झाला.

परवा सकाळी बघते तर मोहनराव सोता खडू घेऊन उभा. कांद्यावर कुठलं औषध, कधी मारलं, समदं लिवलं. मला म्हणला, "झालं ना मंगल? सोड आता राग."

"मेंढ्या कशानं मेल्या ते ऱ्हायलं," मी म्हणलं. "ते लिवा."

तेवढ्यात वत्सलाबाई बायांना घेऊन आली. "वाच गं," म्हणली.

"आजून लिवायचं हाय त्यांचं."

बाया खुरपी खाली ठेवून तिथंच बसल्या.