धाकटे तिसऱ्या भागापर्यंत टिकत नाहीत

"फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी धावत्या गाडीत चढू नये."

टाळी.

"ह्या मुली सोळाच वर्षांच्या का असतात? सतराव्या वर्षी क्रांती केली तर काय बिघडतं? निदान परीक्षा तरी उरकलेली असते."

टाळी.

"आ कर. अजून मोठा. गिळताना दुखतं? सोमवारी काढून टाकू."

टाळी.

"एका लहान मुलाचा डावा बूट चौकशी खिडकीत जमा आहे. ज्याचा असेल त्याने उजवा दाखवून घेऊन जावा."

टाळी.

"चार पानं झाली, पोरगं अजून पाण्यातच आहे."

टाळी.

यातलं डॉक्टरांचं बोलणं सोडलं, तर बाकी सगळा आवाज एकाच बाईंचा. दिवसा त्या बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून घोषणा करायच्या. कोणती गाडी कुठे लागली, कोणती रखडली, कोणाचं काय हरवलं. त्यात स्वतःचं मत म्हणून औषधालाही नाही. गाडी कितीही उशिरा येवो, बाई फक्त "गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणणार, आणि माइक बंद करून चहाचा घोट घेणार. संध्याकाळी मात्र त्या अंधांसाठीच्या ध्वनिग्रंथालयात जायच्या आणि पुस्तकं वाचून नोंदवायच्या. दिवसभर घशात अडकलेली मतं तिथे सुटायची.

टाळीची सोय त्यासाठीच. वाचताना जीभ अडखळली, खोकला आला, की एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. संगणकाच्या पडद्यावर ती टाळी उंच सुळक्यासारखी दिसते. काचेपलीकडे बसणारे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे 'कात्री' म्हणत, ते सुळके शोधून मधला भाग उडवायचे. बाईंची जीभ क्वचितच अडखळे. टाळ्या मात्र दर दोन पानांना. टाळी, मग मत, मग पुन्हा टाळी, आणि गाडी रुळावर.

ग्रंथालयात किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्यांना सर्वांत जास्त मागणी. जादूची राज्यं, नाहीतर भिंतीआडची जुलमी शहरं. बाकीचे वाचक त्यांना हात लावायला तयार नसत. नावं उच्चारता येत नाहीत, आणि पहिल्याच पानावर नकाशा असतो, तो आवाजात कसा वाचायचा? बाईंनी ते काम हसत घेतलं. त्यांना ही पुस्तकं मनापासून आवडायची. आवडायची म्हणूनच त्या भांडायच्या.

"कात्री, मला सांगा, ह्या अख्ख्या शहरात एकही बस नाही. मग भोंगा वाजल्यावर सगळे लोक वेळेवर चौकात जमतात कसे?"

"बाई, घसा जपा."

"आणि आया! आई म्हणून कोणी दिसली की दहाव्या पानावर आजारी पडलीच. बंडखोर डोंगरात लपलेत, त्यांचा स्वयंपाक कोण करतं? भांडी कोण घासतं? दोन-दोन मुलं हिच्यावर भाळलेली, एकालाही साधी बादली उचलता येत नाही."

सर्वांत मोठी तक्रार मात्र वेगळीच होती. अशा प्रत्येक शहरात भोंग्यातून बोलणारी एक बाई असायची. गोड आवाजात हुकूम सोडणारी, थंड काळजाची. "भोंग्यातली बाई नेहमीच दुष्ट का?" बाई विचारायच्या. "तीही नोकरीच करते ना? समोर जो कागद येतो तो वाचते, आणि घरी जाऊन भाजी निवडते."

कात्री हसायचे आणि कापायचे.

टाळी.

मग कात्रींना ताप आला. तापातच त्यांनी भिंतवाल्या शहराच्या तीन भागांच्या कादंबरीचा दुसरा भाग श्रोत्यांच्या फोनवर पाठवून दिला. कापून तयार केलेल्या 'पक्क्या'ऐवजी न कापलेलं 'कच्चं' गेलं.

"बाई, बसा. पाणी घ्या," ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या.

बाईंनी पेल्याला हात लावला नाही. आधी पाणी देतात तेव्हा बातमी धड नसते. कात्री कोपऱ्यात उभे होते, मान खाली.

"किती गेलं?"

"अख्खा दुसरा भाग," कात्री म्हणाले.

"माझ्या टाळ्यांसकट?"

"टाळ्यांसकट. आणि घोरण्याबद्दल जे बोललात, त्याच्यासकट."

"अगं बाई! ह्यांचं घोरणं गावभर?"

"ते राहू द्या हो," मॅडम म्हणाल्या. "एका आईंचा फोन आलाय. त्यांच्याशी बोला."

मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. फोनवरची आई चिडलेली नव्हती, थकलेली होती. तिची मोठी मुलगी चौदा वर्षांची, जन्मापासून न दिसणारी, या पुस्तकांवर जीव टाकणारी. धाकटा तिसरीत. त्याला सगळे टिल्लू म्हणत. ताईच्या एका कानात एक इअरफोन, टिल्लूच्या कानात दुसरा, असं दोघांचं ऐकणं चाले. टिल्लूचे टॉन्सिल वारंवार सुजायचे. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती, आणि तो आता दवाखान्यात पाऊल टाकायला तयार नव्हता.

"का बरं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही मध्येच म्हणालात ना... थांबा, त्यालाच पाठ आहे."

फोनवर एक घोगरा, चिमुकला आवाज आला. बाईंच्याच चालीत, बाईंच्याच ठसक्यात. "लिहून ठेवा कात्री, हा धाकटा काही टिकत नाही. धाकटे भाऊ तिसऱ्या भागापर्यंत टिकतच नाहीत. ताईला राग यावा म्हणून त्यांना मारतात."

कात्रींनी डोळे मिटून घेतले.

"अरे राजा, ते मी उगाच बोलले."

"मावशी, तुम्ही बसवाल्या ना?"

"हो."

"मग झालं," टिल्लू म्हणाला आणि फोन आईकडे देऊन टाकला.

आईने उलगडून सांगितलं. बसस्थानकावर त्याने तो आवाज शंभरदा ऐकला होता. हा आवाज म्हणतो चारवर गाडी लागेल, आणि चारवर गाडी लागते. आता हाच आवाज म्हणाला होता की धाकटे तिसऱ्यात जातात. टिल्लू होता तिसरीत. पुढचं गणित त्याचं त्यानेच मांडलं होतं.

"त्याला द्या परत," बाई म्हणाल्या. "टिल्लू, ऐक. माझ्या कितीतरी गाड्या उशिरा येतात की नाही?"

टिल्लूने विचार केला. "उशिरा येतात. पण येतात."

बाईंनी आता पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

मागून एका मुलीचा आवाज आला, स्पष्ट आणि जरा तोऱ्यातला. ती ताई. "त्यांना विचार, तिसऱ्या भागाचा शेवट वाचून झालाय का?"

नव्हता. एकच प्रकरण राहिलं होतं. बाई पुढचं आधी कधीच वाचत नसत. पुढे काय ते कळलं की आवाज आधीपासूनच रडायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

"मग शनिवारी आमच्यासमोर वाचा," ताई म्हणाली. "टिल्लू बघेल, मी ऐकेन. आणि आधी चोरून बघू नका. मला कळतं."

"आणि पुस्तकातला धाकटा मेला तर?" मॅडमनी फोन ठेवल्यावर विचारलं.

टाळी.

शुक्रवारी बाईंनी ते पुस्तक बसस्थानकावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात कोंबलं, छत्र्या आणि बेवारस डब्यांच्या मागे, आणि किल्ली चौकशी खिडकीतल्या माणसाकडे दिली. "मी मागितली तरी देऊ नका."

दुपारपर्यंत त्यांनी ती दोनदा मागितली. माणूस इमानदार निघाला.

त्या दिवशी बाईंनी एकाच फलाटावर दोन गाड्या लावल्या. लोक बोचकी घेऊन धावले, चालक एकमेकांवर हॉर्न वाजवत राहिले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाईंनी "क्षमस्व" म्हटलं, आणि पहिल्यांदाच त्यांना ते खरोखर वाटलं.

"मेला तर जिवंत कर," घरी नवरा म्हणाला. "पुस्तक तुझ्या हातात, तोंड तुझं. कोणाला कळणार?"

"एक शब्दही बदलायचा नाही, असा नियम आहे."

"नियम मोठा की टॉन्सिल?"

"तुम्ही बोलूच नका. तुमचं घोरणं सगळ्यांनी ऐकलंय."

पण न्हाणीघराचं दार लावून बाईंनी एक वाक्य तयार केलंच. 'तेवढ्यात धाकट्याने डोळे उघडले.' साध्या आवाजात म्हणून पाहिलं, मग दबक्या आवाजात. वाक्य चांगलं होतं. पुस्तकातल्यापेक्षा बरंच. तरी म्हणताना त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. भोंग्यातल्या बाईच्या हातात असाच एक कागद येत असेल, आणि तोही लोकांच्या भल्यासाठीच लिहिलेला असेल.

टाळी.

शनिवारी संध्याकाळी काचेपलीकडे चौघं होती; मुलांची आई बाहेरच्या बाकावर थांबली होती. कात्री यंत्रापुढे, मॅडम भिंतीला टेकून, ताई काचेजवळच्या खुर्चीत ताठ बसलेली, आणि तिचा हात धरून टिल्लू काचेला नाक चिकटवून. गळ्याला मफलर. त्याने बाईंकडे एकदा नीट पाहून घेतलं. बहुधा या आवाजाला चेहरा असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दिवा लाल झाला. बाईंनी वाचायला सुरुवात केली.

एरवी दर दोन पानांना टाळी. आज एकही नाही. नायिका भिंतीवर चढली, तिचा धनुष्यबाण ऐनवेळी तुटला, दोघांपैकी एका मुलाने बलिदान दिलं, दुसऱ्याने भाषण केलं. या प्रत्येक जागेवर बाईंकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. कात्री सारखे मान वर करून बघत होते, की बाईंची तब्येत तर बरी आहे ना.

वाचणाऱ्याचा डोळा आवाजाच्या एक ओळ पुढे असतो. त्या एका ओळीत बाईंना दिसलं, की धुकं दाटलंय, भोंगा वाजतोय, आणि धाकटा भिंतीच्या अगदी कडेला उभा आहे. मग त्यांनी ते वाचलं. डोळा पुढे सरकला. पहारेकऱ्याचा हात. सुटलेली पकड. मग त्यांनी तेही वाचलं. "'ताई,' एवढंच तो म्हणाला, आणि मागच्या मागे कोसळला. खाली धुकं होतं. धुक्याखाली काय होतं, ते तिला दिसत नव्हतं."

पान संपलं.

पान उलटताना आवाज नको म्हणून थांबायचं, अलगद उलटायचं, श्वास घ्यायचा आणि मग पुढे जायचं. ही नेहमीची पद्धत. बाई थांबल्या. पण पान उलटेना. बोटं कागदाच्या कोपऱ्यावर तशीच राहिली. न्हाणीघरातलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. काचेपलीकडे टिल्लूच्या नाकापुढे वाफेचा गोल जमला होता, आणि तो आता मोठा होत नव्हता. पोराने श्वास रोखला होता.

तेवढ्यात ताई हात सोडवून उठली. चाचपडत कात्रींच्या खांद्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "बोलायचं बटण कुठंय?" कात्रींनी तिचं बोट त्यावर ठेवलं.

"मावशी," तिचा आवाज बाईंच्या कानात आला. "भिंतीच्या त्या बाजूला तलाव आहे. पहिल्या भागातला. त्याला पोहता येतं."

"काय?"

"आजोबांनी नाही का शिकवलं त्याला? आख्खं प्रकरण आहे. तुम्हीच तर वाचलंत."

बाईंनी पान उलटलं. आवाज झाला, तर झाला. पहिली ओळ डोळ्याने घेतली, दुसरी घेतली, आणि आवाज मागे राहिला तो राहिलाच. मग त्यांना वाचता येईना, कारण हसू येत होतं आणि डोळे भरले होते, आणि दोन्ही एकदम आलं की घसा कोणाचंच ऐकत नाही.

त्यांनी टाळी वाजवली. आजची पहिली.

"कात्री, हे कापा. पुन्हा घेते." आणि त्यांनी घेतलं. पाणी गार होतं. धाकटा खाली गेला, आणखी खाली गेला, आणि आजोबांनी सांगितलं होतं तसे पाय मारत वर आला. काठावर जाऊन खोकला. भोंगा अजून वाजतच होता, पण त्या शहरात आता तो कोणी ऐकत नव्हतं.

टिल्लूने काचेवरची वाफ बाहीने पुसली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"खोटारडा," ताई म्हणाली. "माझा हात बघ किती दाबलास."

दिवा विझल्यावर टिल्लू आतल्या खोलीत आला. माइक, गाद्या लावलेल्या भिंती, पाण्याचा पेला, सगळं त्याने पाहून घेतलं. मग पुस्तकाचं शेवटचं पान हाताने चापून बघितलं, खरंच आहे ना म्हणून.

"मावशी, तुम्ही चुकलात," तो म्हणाला. बोलण्यात आरोप नव्हता. कोणाचं तरी हरवलेलं परत द्यावं, तसं तो म्हणाला.

"चुकले रे बाबा. चांगली सपशेल चुकले."

"बसच्या वेळीपण चुकता?"

"काल एकाच फलाटावर दोन गाड्या लावल्या."

टिल्लू इतका हसला की त्याला खोकला आला आणि आईला पाणी आणायला धावावं लागलं. दारातून बाहेर पडता पडता त्याने आईला विचारलं, की सोमवारी आइस्क्रीम एकदा मिळणार की दोनदा.

"तिसरा भाग कच्चाच द्या," ताईने कात्रींना बजावलं. "टाळ्यांसकट. पक्कं काय, कोणीही वाचतं."

"आज एकच टाळी आहे, बेटा."

"ती ठेवा."

मॅडमनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी कात्रींकडे, आणि कात्रींनी खांदे उडवले. त्यांचं कापण्याचं काम वाचत होतं. मॅडम म्हणाल्या, यातही घोरण्याचं काही असेल तर तेवढं गाळा, आणि त्यावर कोणाचीच हरकत नव्हती.

सोमवारी दुपारी आईचा फोन आला. टॉन्सिल निघाले होते, टिल्लूला बोलायची मनाई होती, आणि तो पाटीवर लिहून भांडत होता. बाईंनी फोन ठेवला, माइक सुरू केला, आणि फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी अगदी वेळेवर सुटत असल्याचं इतक्या आनंदाने सांगितलं, की रांगेतल्या काही लोकांनी वर बघितलं.

पहिल्या भागातलं पोहण्याचं प्रकरण नोंदवून झाल्यावर बाईंनी टाळी वाजवून कात्रींना सांगितलं होतं, की हे सगळंच्या सगळं गाळलं असतं तरी कोणाचं काही अडलं नसतं.