तुलना फक्त प्लॅटफॉर्मची

आमचं नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य नाही, याचंच लोकांना नवल वाटतं. त्यातून आम्ही दोघी एकाच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. वन्सं जुन्या, त्यांनीच मला तिथे चिकटवलं.

यंदा प्राचार्यांनी फर्मान काढलं की ऑनलाइन शिकवायला दोन प्लॅटफॉर्म बघायचेत. दोघींनी एकेकावर सत्राचे सगळे धडे रेकॉर्ड करून टाकायचे. मुलं कुठे जास्त शिकतात त्यावरून एक निवडायचा. वन्संना साधा मिळाला, व्हिडिओ टाका आणि मोकळे व्हा. माझा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न काय, उत्तर चुकलं की वेगळा धडा काय! पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये माझं नुसतं कपाळ आलं.

"अगं, तुझ्या कपाळावरचं मुलांना कसं वाचता येणार?" वन्सं हसत सुटल्या.

मग रोज कॉलेज सुटल्यावर स्टाफरूममध्ये थांबून त्यांनीच माझे व्हिडिओ कापले, मधले प्रश्नही त्यांनीच घातले. स्वतःचे धडे मात्र त्यांनी कसेबसे उरकले.

माझी मुलं शेवटच्या धड्यापर्यंत टिकली, मार्कही चांगले पडले. वन्संची निम्मी मुलं मध्येच पळाली. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा माझ्यापेक्षा वन्संच खूश होत्या.

"पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांना तुमचेच धडे लावू," प्राचार्य मला म्हणाले आणि वन्संकडे वळले. "तेव्हा मॅडम, तुमची जागा काही ठेवता येणार नाही."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. वन्संच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"अहो सर, तुलना प्लॅटफॉर्मची होती ना?" मी म्हटलं.

"तीही झाली."

"पण त्या धड्यांमधले प्रश्न यांचे आहेत! सगळी मेहनत यांची आहे!"

"उत्तमच. म्हणजे ते काम आता परत करायला नको."

हे इतक्या शांतपणे! चहा घेणार का विचारावं तसं. माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठले.

"या जाणार असतील तर मीही जाते. मग शिकवा तुम्ही मुलांना!"

मला वाटलं, आता गडी वरमेल.

"विचार करून सांगा," ते म्हणाले. "आमचा आग्रह नाही. धडे सगळे रेकॉर्ड झालेतच, आणि ते कॉलेजच्या मालकीचे आहेत."

वन्संनी माझा हात घट्ट धरला होता. आणि खरं सांगते, त्या क्षणी त्यांची नोकरी माझ्या डोक्यातून साफ गेली. माझी राहील ना, एवढंच मनात आलं.

मी हात सोडवून घेतला आणि खुर्चीत बसले.